इमॅन्युएल सेलर: अमेरिकेचं दार आणि त्याची कडी

गेल्या वेळी आपण अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाबद्दल बोललो होतो. आजचा विषय तिथल्या एका खासदाराचा आहे. त्यांचं नाव इमॅन्युएल सेलर. सभागृहात किती जणांनी हे नाव ऐकलंय? दोन हात दिसतायत. ठीक. आता दुसरा प्रश्न विचारतो. किती जणांचा मुलगा, मुलगी, भाऊ, पुतणी, कुणीतरी अमेरिकेत आहे? (हशा.) बघा, जवळजवळ सगळेच. म्हणजे या माणसाने केलेल्या कायद्याने तुमच्यापैकी बहुतेकांच्या घरात काहीतरी घडलेलं आहे, आणि त्याचं नाव आपल्याला माहीत नाही. म्हणून हा विषय निवडला.

सुरुवातीला एक खुलासा. आज ‘काँग्रेस’ हा शब्द सारखा येणार आहे. आपली काँग्रेस नव्हे. अमेरिकेच्या संसदेला काँग्रेस म्हणतात. तिची दोन सभागृहं आहेत, सिनेट आणि प्रतिनिधिगृह. सेलर हे प्रतिनिधिगृहाचे सदस्य, डेमोक्रॅटिक पक्षाचे, न्यूयॉर्कमधल्या ब्रुकलिनचे. १९२२ साली निवडून आले, मार्च १९२३ पासून सदस्य झाले आणि जानेवारी १९७३ मध्ये बाहेर पडले. पन्नास वर्षांना थोडे महिने कमी. हार्डिंगपासून निक्सनपर्यंत राष्ट्राध्यक्ष आले आणि गेले, हे गृहस्थ जागेवर.

जन्म १८८८ चा, ब्रुकलिनमध्येच. घराणं जर्मनीतून आलेल्या ज्यूंचं. कोलंबिया विद्यापीठात शिकले, १९१२ साली कायद्याची पदवी घेतली. पुढच्याच वर्षी, १९१३ मध्ये, त्याच विद्यापीठात डॉ. बाबासाहेब आंबेडकर दाखल झाले. दोघांची गाठ पडली असं मी सुचवत नाहीये. पण एक गोष्ट लक्षात ठेवा. त्या काळात भारतीय माणूस विद्यार्थी म्हणून अमेरिकेत जाऊ शकत होता. तिथे राहून तिथला नागरिक होणं, ही मात्र फार वेगळी गोष्ट होती आणि लवकरच ती अशक्य होणार होती.

कशी अशक्य झाली ते बघू. १९१७ साली अमेरिकेने एक कायदा केला. नकाशावर रेघा ओढून आशियाचा एक मोठा पट्टा ठरवला आणि या पट्ट्यातल्या लोकांनी स्थलांतरित म्हणून यायचं नाही, असं सांगितलं. भारत त्या पट्ट्यात होता. मग फेब्रुवारी १९२३ मध्ये भगतसिंग थिंड यांच्या खटल्याचा निकाल लागला. थिंड पंजाबचे, अमेरिकेच्या सैन्यात पहिल्या महायुद्धात नोकरी केलेले. त्या वेळी नागरिकत्व मिळायला माणूस ‘गोरा’ किंवा आफ्रिकन वंशाचा असावा लागे. थिंड यांचं म्हणणं होतं, मी आर्य आहे, तुमच्याच शास्त्रज्ञांच्या व्याख्येप्रमाणे कॉकेशियन आहे. न्यायालय म्हणालं, शास्त्राचं राहू द्या, सामान्य माणूस ज्याला गोरा म्हणतो तो गोरा, आणि तुम्ही तसे नाही. या निकालानंतर सरकारने आधी दिलेली नागरिकत्वंसुद्धा परत घ्यायला सुरुवात केली. सॅन फ्रान्सिस्कोचे एक व्यापारी वैष्णो दास बगाई यांचं नागरिकत्व काढून घेतलं. भारतातलं सगळं विकून बायकामुलांसह तिथे गेलेला माणूस. परत यायचं तर ब्रिटिशांचा प्रजाजन म्हणून पासपोर्ट घ्यायचा, आणि ज्या राज्याविरुद्ध तो उभा होता त्याचाच पासपोर्ट मागायचा. १९२८ साली त्यांनी आत्महत्या केली.

निकाल फेब्रुवारी १९२३ चा, आणि सेलर सदस्य झाले मार्च १९२३ मध्ये. नवा खासदार, वय पस्तिशीचं. आणि समोर जे विधेयक आलं ते पुढची चाळीस वर्षं त्यांच्या मानगुटीवर बसलं.

ते विधेयक म्हणजे १९२४ चा जॉन्सन-रीड कायदा. याची युक्ती समजून घेण्यासारखी आहे, म्हणून जरा थांबतो. युरोपातून फार लोक येतायत, विशेषतः इटालियन, पोलिश, रशियातले ज्यू, अशी ओरड होती. कायद्यात सरळ ‘इटालियन नकोत, ज्यू नकोत’ असं लिहिणं बरं दिसत नाही. मग काय केलं? जनगणनेचा आधार घेतला. आधी १९२१ साली नियम केला होता की १९१० च्या जनगणनेत ज्या देशात जन्मलेले जितके लोक इथे होते, त्यांच्या तीन टक्के लोक दरवर्षी त्या देशातून येऊ शकतील. १९२४ साली तीनाचे दोन टक्के केले आणि जनगणना धरली १८९० ची. चौतीस वर्षांपूर्वीची! १९२० ची जनगणना तयार असताना १८९० ची का? कारण इटालियन आणि पूर्व युरोपातले लोक मोठ्या संख्येने आले ते १८९० नंतर. हिशोब कसा बदलला बघा. इटलीचा कोटा सुमारे ४२ हजार होता, तो झाला ३,८४५. कागदावर कुठेही इटालियन माणसाबद्दल वाईट शब्द नाही. फक्त वर्ष बदललं.

प्रतिनिधिगृहाच्या स्थलांतर समितीचे अध्यक्ष होते अल्बर्ट जॉन्सन. त्यांनी समितीसाठी हॅरी लाफलिन नावाचा एक ‘वंशसुधारणा’ तज्ज्ञ नेमला होता. कुठल्या वंशाचं रक्त कसं निकृष्ट, याची कोष्टकं तो मांडायचा. त्या काळात हे विज्ञान म्हणून चालायचं.

सेलर यांचं सभागृहातलं पहिलं मोठं भाषण या विधेयकाच्या विरोधातलं होतं. त्यांनी नेमक्या जागी बोट ठेवलं. १८९० हे वर्ष तुम्ही मुद्दाम निवडलंय, आणि का निवडलंय ते आम्हाला कळतं. आता हेही सांगायला हवं की यात राजकीय स्वार्थ नव्हता असं नाही. त्यांच्या ब्रुकलिनमध्ये ज्यू आणि इटालियन मतदार भरपूर. पण मतदारांच्या हिताचं बोलणं हा लोकप्रतिनिधीचा गुन्हा थोडाच आहे. विधेयक ३२३ विरुद्ध ७१ मतांनी पास झालं. राष्ट्राध्यक्ष कूलिज यांनी मे महिन्यात सही केली. जपानी लोकांनाही त्याच कायद्याने बंदी झाली.

आपल्याकडे असं झालं असतं तर? खासदाराने एकदा भाषण केलं असतं, वर्तमानपत्रात फोटो आला असता, आणि पुढच्या अधिवेशनात दुसरा विषय. सेलर यांनी तो विषय सोडला नाही. त्यात यश येत होतं असंही नाही. सतत अपयश येत होतं. १९३० च्या दशकात जर्मनीतून ज्यू पळू लागले. कोट्याची दारं बंद. १९३९ साली २० हजार निर्वासित मुलांना कोट्याबाहेर घ्यावं असं एक विधेयक आलं, वॅग्नर-रॉजर्स विधेयक. मुलं! तेही समितीतच विरलं. सेंट लुइस नावाचं जहाज ९०० हून अधिक ज्यूंना घेऊन फ्लोरिडाच्या किनाऱ्याजवळून परत युरोपला गेलं. सेलर परराष्ट्र खात्यावर टीका करत राहिले. स्वतःच्या पक्षाचे रूझवेल्ट राष्ट्राध्यक्ष असताना. १९४३ साली बर्म्युडात निर्वासितांसाठी परिषद झाली आणि तिच्यातून काही निघालं नाही, तेव्हा त्यांनी ती थट्टा आहे असं उघड म्हटलं.

आता भारताकडे येऊ. दुसऱ्या महायुद्धात चीन अमेरिकेचा मित्र. जपान प्रचार करत होता की हे अमेरिकन आशियाई माणसाला माणूस मानत नाहीत. त्याला उत्तर म्हणून १९४३ साली चिनी लोकांवरची बंदी उठवली आणि वर्षाला १०५ जणांचा कोटा दिला. मग भारताचं काय? न्यूयॉर्कमध्ये जे. जे. सिंग नावाचे एक व्यापारी होते. कापडाचा व्यापार, देखणा माणूस, वॉशिंग्टनमध्ये सगळ्यांशी ओळख. ते इंडिया लीग ऑफ अमेरिका या संस्थेचे प्रमुख होते. त्यांनी दोन खासदारांना गाठलं. एक डेमोक्रॅट सेलर, दुसऱ्या रिपब्लिकन क्लेअर बूथ लूस. दोन वर्षांहून अधिक ये-जा, साक्षी, अडवणूक. अखेर २ जुलै १९४६ रोजी ट्रुमन यांनी लूस-सेलर कायद्यावर सही केली. भारतीयांना, आणि फिलिपिनो लोकांनाही, नागरिक होता येऊ लागलं. आणि भारताचा वार्षिक कोटा किती? १००.

तुम्ही हसाल. चाळीस कोटींच्या देशाला शंभर. पण तो आकडा सोडा, नागरिकत्वाकडे बघा. तिथे आधीपासून असलेले काही हजार भारतीय, कॅलिफोर्नियातले शेतमजूर, छोटे शेतकरी, हे नागरिक नसल्यामुळे तिथल्या कायद्यांप्रमाणे स्वतःच्या नावावर जमीन घेऊ शकत नव्हते. आता त्यांचा मार्ग मोकळा झाला. त्यांच्यातले एक दलीपसिंग सौंद. १९२० साली शिकायला गेले, बर्कलीहून गणितात डॉक्टरेट घेतली, आणि नोकरी मिळेना म्हणून शेती केली. १९४९ साली नागरिक झाले, १९५६ साली काँग्रेसवर निवडून आले. प्रतिनिधिगृहात बसणारा आशियाई वंशाचा पहिला सदस्य. ज्या सेलर यांच्या कायद्याने ते नागरिक झाले, त्यांच्याच शेजारी, त्यांच्याच पक्षात.

मुख्य इमारत मात्र तशीच उभी होती. १९५२ साली नवा कायदा झाला, मॅकॅरन-वॉल्टर. यात वंशाची अट नागरिकत्वापुरती काढली, पण कोट्याची पद्धत कायम ठेवली. आशियासाठी एक खास तरतूद होती, ती ऐका. युरोपातला माणूस जिथे जन्मला त्या देशाच्या कोट्यात मोजला जाई. आशियाई माणूस मात्र कुठेही जन्मलेला असो, वंशाप्रमाणे मोजायचा. म्हणजे आईवडील भारतीय आणि जन्म लंडनचा, तर ब्रिटनचा पासष्ट हजारांचा कोटा रिकामा पडला असला तरी याची गणना भारताच्या शंभरात. ट्रुमन यांनी नकाराधिकार वापरला. काँग्रेसने दोन तृतीयांश मतांनी तो फेटाळून कायदा केला. सेलर विरोधात होते, पुन्हा हरले.

इथे कुणाच्याही मनात प्रश्न येईल. १९४९ पासून सेलर प्रतिनिधिगृहाच्या न्यायविषयक समितीचे अध्यक्ष. स्थलांतराचे कायदे याच समितीकडून जाणार. मग अध्यक्षाला स्वतःच्या समितीतून स्वतःचं विधेयक का काढता येईना? याचं उत्तर अमेरिकन काँग्रेस कशी चालते यात आहे. आपल्याकडे मंत्रिमंडळ विधेयक आणतं आणि बहुमत असेल तर ते पास होतं. तिथे तसं नाही. विधेयक समितीकडे जातं, समिती ते उपसमितीकडे देते, आणि उपसमितीच्या अध्यक्षाने ते कपाटात ठेवलं तर ते तिथेच राहतं. त्याला कुणी खाली खेचू शकत नाही, कारण पद मिळायचं ते ज्येष्ठतेवर. सेलर यांच्या समितीतल्या स्थलांतर उपसमितीचे अध्यक्ष होते फ्रान्सिस वॉल्टर. हो, तेच, मॅकॅरन-वॉल्टरमधले वॉल्टर! पेनसिल्व्हेनियाचे, तेही डेमोक्रॅट. एकाच पक्षाचे, एकाच समितीतले दोन माणसं, एक कायदा मोडायला बसलेला आणि दुसरा तो सांभाळायला. दहा वर्षं हे चाललं. मे १९६३ च्या शेवटी वॉल्टर वारले. जुलैमध्ये केनेडींनी काँग्रेसला स्थलांतर सुधारणेचा प्रस्ताव पाठवला. मोठी धोरणं कधीकधी एका माणसाच्या मृत्यूची वाट बघत थांबलेली असतात, हे ऐकायला बरं वाटत नाही, पण तारखा तशाच आहेत.

वॉल्टर यांच्या जागी आले मायकेल फायगन, क्लीव्हलंडचे. ते आणि सेलर यांचंही पटत नसे. केनेडींच्या मूळ प्रस्तावात कौशल्याला पहिलं स्थान होतं. निम्मे व्हिसा ज्यांचं शिक्षण आणि कसब अमेरिकेला हवं त्यांना. फायगन म्हणाले, नाही, नातेवाइकांना पहिलं स्थान द्या. त्यांच्या मागे जुन्या कोट्याचे समर्थक होते आणि त्यांचा तर्क साधा होता. सध्या अमेरिकेत कोण आहेत? युरोपातले. नातेवाईक कुणाचे येतील? त्यांचेच. म्हणजे जुना कोटा गेला तरी लोकसंख्येचा रंग बदलणार नाही. बदनाम शब्द काढायचा आणि परिणाम तोच ठेवायचा. १८९० च्या जनगणनेसारखीच ही दुसरी युक्ती.

सेलर यांनी ती मान्य केली. तडजोड केली म्हणा. नव्या कायद्यात पूर्व गोलार्धाला १,७०,००० व्हिसा, कुठल्याही एका देशाला २०,००० पेक्षा जास्त नाहीत. त्यातले सुमारे तीन चतुर्थांश नातेवाइकांना. दहा टक्के डॉक्टर, इंजिनिअर, शास्त्रज्ञ अशा व्यावसायिकांना, दहा टक्के इतर कामगारांना, सहा टक्के निर्वासितांना. नागरिकाचे आईवडील, नवराबायको आणि लहान मुलं या मोजणीच्या बाहेर. पश्चिम गोलार्धावर, म्हणजे मेक्सिको, कॅनडा वगैरेंवर, पहिल्यांदाच १,२०,००० ची मर्यादा आली. हीही तडजोडच होती, आणि तिचे परिणाम मेक्सिकोच्या सीमेवर आजतागायत दिसतात. तो स्वतंत्र व्याख्यानाचा विषय आहे.

२५ ऑगस्ट १९६५ ला प्रतिनिधिगृहाने ३१८ विरुद्ध ९५ मतांनी विधेयक पास केलं. सिनेटमध्ये ७६ विरुद्ध १८. तिथे फिलिप हार्ट यांचं नाव त्याला होतं, म्हणून हार्ट-सेलर कायदा. ३ ऑक्टोबरला राष्ट्राध्यक्ष जॉन्सन यांनी न्यूयॉर्कच्या बंदरात स्वातंत्र्यदेवतेच्या पुतळ्यापाशी सही केली. १९२४ ते १९६५, एक्केचाळीस वर्षं. ज्या सभागृहात हा माणूस एकाहत्तरांमधला एक होता, तिथेच ७७ व्या वर्षी त्याने तो कायदा पुसला.

आता यातली गंमत, किंवा विसंगती. चर्चेत सेलर यांना विचारलं गेलं की आशिया-आफ्रिकेतून लोंढे येतील का? त्यांचं उत्तर असं होतं की तिथल्या लोकांचे नातेवाईक इथे फारसे नाहीत, त्यामुळे येणारे थोडेच असतील. जॉन्सनही सही करताना म्हणाले की हा काही क्रांतिकारक कायदा नाही. आणि झालं काय? १९६० मध्ये अमेरिकेत भारतात जन्मलेले लोक होते सुमारे १२ हजार. आज ते २८ लाखांच्या पुढे आहेत.

कसं झालं? फायगन यांच्या हिशोबात दोन गोष्टी चुकल्या. एक, साठीच्या दशकात पश्चिम युरोप श्रीमंत झाला होता. जर्मन माणसाला देश सोडायची गरज उरली नव्हती. कोटा उघडा, घेणारा नाही. दोन, ते दहा टक्के व्यावसायिक. १९६५ मध्येच अमेरिकेने वृद्धांसाठी मेडिकेअर योजना आणली, डॉक्टर कमी पडू लागले. आपल्याकडे वैद्यकीय महाविद्यालयं, इंजिनिअरिंग कॉलेजं, आयआयटी यांच्यातून माणसं बाहेर पडत होती. मुंबई-पुण्यातून, नागपुरातून एकेक जण व्यावसायिकांच्या रांगेतून गेला. पाच वर्षांनी नागरिक झाला. आणि मग फायगन यांनी युरोपियनांसाठी उघडून ठेवलेलं नातेवाइकांचं मोठं दार त्याला मिळालं. भाऊ आला, बहीण आली, त्यांचे नवराबायको आले. त्या बहीणभावांसाठी कायद्यात २४ टक्के ठेवलेले होते, सगळ्यांत मोठा वाटा. आपल्या एकत्र कुटुंबाला यापेक्षा सोयीचा कायदा कुणी मुद्दाम बसून लिहिला असता तरी जमला नसता. (हशा.) उत्तर अमेरिकेतल्या महाराष्ट्र मंडळांची शिखर संस्था, बृहन्महाराष्ट्र मंडळ, १९८१ मध्ये शिकागोत स्थापन झाली. म्हणजे कायदा पूर्णपणे लागू झाल्यापासून, १९६८ पासून, तेरा वर्षांत शहराशहरांत मंडळं झाली आणि त्यांचं एक मोठं मंडळ करावं इतकी मराठी माणसं तिथे जमली.

सेलर यांनी हे जाणूनबुजून लपवलं का? काही टीकाकार म्हणतात, त्यांनी देशाला फसवलं. मला तसं वाटत नाही. फसवायचं तर विरोधकांनीही तेच भाकीत का केलं असतं? त्यांना वंशाची अट काढायची होती. ती काढल्यावर कोण येईल याचा अंदाज कुणालाच नीट आला नाही.

बाकीच्या कामाबद्दल थोडक्यात. १९५० चा सेलर-कीफॉव्हर कायदा. मोठ्या कंपन्या प्रतिस्पर्ध्यांना गिळतात त्याला आळा घालणारा. आधीच्या कायद्यात शेअर विकत घेण्यावर बंधन होतं, पण कारखाना, यंत्रं, मालमत्ता विकत घेण्यावर नव्हतं. कंपन्या त्या भोकातून जायच्या. ते यांनी बुजवलं. आणि १९६४ चा नागरी हक्क कायदा, ज्याने हॉटेलं, दुकानं, नोकऱ्या यांतला वर्णभेद बेकायदा ठरवला. ते विधेयक सभागृहात मांडलं सेलर यांनी आणि ओहायोचे रिपब्लिकन विल्यम मॅककुलक यांना बरोबर घेऊन २९० विरुद्ध १३० मतांनी पास करून घेतलं. दक्षिणेतले त्यांच्याच पक्षाचे सदस्य विरोधात होते. मॅककुलक नसते तर ते विधेयक पास झालं नसतं, हे सेलर यांना पक्कं ठाऊक होतं.

पण याच चर्चेत त्यांची दुसरी बाजू दिसते. व्हर्जिनियाचे हॉवर्ड स्मिथ, नागरी हक्कांचे कट्टर विरोधक, त्यांनी दुरुस्ती मांडली की नोकरीत वर्णाप्रमाणेच स्त्री-पुरुष भेदालाही बंदी घाला. सेलर विरोधात उभे राहिले. विनोद केला की माझ्या घरात शेवटचा शब्द माझाच असतो, आणि तो म्हणजे ‘बरं, बाईसाहेब’. सभागृह हसलं. मार्था ग्रिफिथ्स या सदस्या उठल्या आणि म्हणाल्या की स्त्रियांना दुय्यम मानलं जातं याला पुरावा हवा असेल तर तुमचं हे हसणंच पुरेसं आहे. दुरुस्ती पास झाली. स्त्रीपुरुष समानतेची घटनादुरुस्ती सेलर यांनी वीसएक वर्षं समितीत अडकवून ठेवली, सुनावणीसुद्धा घेतली नाही. वॉल्टर यांनी त्यांच्याशी जे केलं, तेच यांनी बायकांशी केलं. त्यांचं म्हणणं होतं की कामगार स्त्रियांना संरक्षण देणारे कायदे यामुळे जातील. हा युक्तिवाद त्या काळात कामगार संघटनाही करत होत्या, अगदी पोकळ नव्हता. पण सुनावणीच न घेणं, याचं समर्थन होत नाही. १९७० मध्ये ग्रिफिथ्स यांनी निम्म्याहून अधिक सदस्यांच्या सह्या गोळा करून ते विधेयक समितीतून ओढून काढलं.

आणखी एक. खासदार असताना ते वकिलीच्या फर्ममध्येही होते. त्या ऑफिसला दोन दरवाजे होते असं पत्रकारांनी लिहून ठेवलंय. एकावर सेलर यांचं नाव, दुसऱ्यावर नाही. सरकारशी काम असणाऱ्या अशिलांनी दुसऱ्या दरवाज्याने यायचं. कायद्याच्या अक्षरात बसवलेलं. १८९० ची युक्ती ज्यांनी ओळखली, त्यांना ही ओळखता आली नसेल असं नाही.

१९७२ मध्ये पक्षांतर्गत निवडणुकीत एक तिशीची वकील मुलगी उभी राहिली, एलिझाबेथ होल्ट्झमन. सेलर चौऱ्याऐंशीचे. वॉशिंग्टनच्या स्मारकाला दातकोरणीने कोण पाडणार, अशा अर्थाचं ते म्हणाले. ती दारोदार फिरली. व्हिएतनाम युद्ध, स्त्रियांची घटनादुरुस्ती, आणि खासदार ब्रुकलिनमध्ये भेटतच नाहीत, हे मुद्दे. सुमारे ६०० मतांनी जिंकली. दोन वर्षांनी निक्सन यांच्यावरच्या महाभियोगाची सुनावणी त्याच न्यायविषयक समितीपुढे झाली. अध्यक्षाच्या खुर्चीत पीटर रोडिनो, सदस्यांत होल्ट्झमन. सेलर १९८१ मध्ये ब्रुकलिनमध्येच वारले, ९२ व्या वर्षी.

वेळ झाली आहे, पण एक चिठ्ठी आली आहे ती घेतो. एका श्रोत्यांनी विचारलंय: “माझा मुलगा बारा वर्षं तिथे नोकरी करतो, कर भरतो, ग्रीन कार्ड मिळत नाही. कायद्याने भेदभाव काढला म्हणता, मग हे काय?”

प्रश्न अगदी वर्मावर आहे. त्या २०,००० च्या मर्यादेकडे परत जा. प्रत्येक देशाला सारखी मर्यादा, म्हणजे कुणाला झुकतं माप नाही, असा १९६५ चा विचार. १९९० च्या कायद्यात ती मर्यादा सात टक्के झाली. नोकरीवर आधारलेली ग्रीन कार्डं वर्षाला १,४०,०००, त्यांचे सात टक्के ९,८००. यात अर्जदाराची बायको आणि मुलंही मोजली जातात. इतर देशांनी न वापरलेली कधी मिळतात, म्हणून प्रत्यक्ष आकडा काही वर्षी जास्त असतो. पण आइसलंडला जी मर्यादा तीच भारताला. म्हणून रांग दहा-बारा वर्षांच्या पुढे गेली आहे, आणि आज अर्ज करणाऱ्याची तर कित्येक दशकांची आहे. त्यातलं सगळ्यांत जाचक म्हणजे, मूल एकवीस वर्षांचं झालं की, थोडी वजावट सोडली तर, ते बापाच्या अर्जातून गळतं. लहानपणापासून तिथे वाढलेलं मूल.

आणि मोजणी नागरिकत्वावर नाही, जन्मस्थानावर होते. तुमच्या मुलाच्या शेजारी बसणारा, आईवडील पुण्याचेच पण जन्म दुबईचा, तो संयुक्त अरब अमिरातीच्या रांगेत. ती रांग भारताच्या रांगेपेक्षा कितीतरी छोटी. सून दुसऱ्या देशात जन्मलेली असेल तर तिच्या जन्मदेशाची रांग मुलालाही धरता येते, हे वकिलाला जरूर विचारा.

ही मर्यादा काढायचा प्रयत्न झाला आहे. कॅलिफोर्नियाच्या डेमोक्रॅट सदस्या झोई लॉफग्रेन यांचं विधेयक जुलै २०१९ मध्ये प्रतिनिधिगृहात ३६५ विरुद्ध ६५ मतांनी पास झालं. डिसेंबर २०२० मध्ये सिनेटनेही पास केलं, पण वेगळ्या मसुद्याने. दोन मसुद्यांचा मेळ बसायच्या आत त्या काँग्रेसची मुदत संपली, आणि मुदत संपली की विधेयक पुन्हा पहिल्यापासून मांडावं लागतं. विरोधही नीट समजून घ्या. एकूण संख्या न वाढवता मर्यादा काढली, तर काही वर्षं जवळजवळ सगळी कार्डं भारतीय आणि चिनी अर्जदारांना जातील आणि बाकीच्या देशांतली नर्स, संशोधक थांबतील, असं त्या लोकांचं म्हणणं आहे. ते खोटं नाही. म्हणून खरी मागणी एकूण आकडा वाढवण्याची असायला हवी, आणि तो आकडा १९९० पासून हललेला नाही.

पुढची चिठ्ठी एच-वन व्हिसाबद्दलची आहे. ती पुढच्या महिन्याच्या व्याख्यानात घेऊ, कारण तो कायदा वेगळा आहे आणि त्याची लॉटरी समजावायला फळा लागेल.